बेळगावच्या टिळकवाडीतला बिनबोर्डाचा कानडी क्लास – जावा, पण आधी हे वाचून जावा

आधीच सांगते, तीन महिन्यांत फाडफाड कानडी यायला पाहिजे, सरकारी परीक्षा पास व्हायला पाहिजे, असं डोक्यात घेऊन कोण जाणार असेल तर या क्लासला जाऊ नका. पैसे वाया जातील आणि वर येऊन मलाच शिव्या घालाल. त्याच्यासाठी व्याकरण घोटून घेणारे दुसरे क्लास आहेत की गावात. पण कानडी समोर आलं की जीभ टाळूला चिकटते, कंडक्टरनं काय विचारलं की अंग चोरून हिंदीत उत्तर देताय, किंवा उलट, "मी का बोलू, मी मराठी" म्हणून छाती पुढं काढून उभं राहताय आणि मनातनं मात्र कंटाळलाय दोन्हीला, तर मग इथं जावाच.

क्लास टिळकवाडीत आहे, आरपीडी क्रॉसच्या अलीकडं, एका जुन्या घराच्या माडीवर. नाव लिहीत नाही कारण नावच नाही. बोर्ड लावला नाही सरांनी. विचारलं तर म्हणतात बोर्ड लावला की कुठल्या भाषेत लावला इथनं सुरू होणार, कुठली भाषा वर कुठली खाली, 2024 पासनं तर 60 टक्के कन्नड पाहिजे असा नियमच आहे, मोजायला टेप घेऊन कोण बसणार, त्यापेक्षा लोक विचारत येतात ते बरं. बेळगावात राहणाऱ्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. खाली सायकलचं दुकान आहे, तिथं "कानडी सर" म्हणून विचारलं की वर बोट दाखवतात.

मी कोण ते सांगते थोडं, म्हणजे कुठल्या बाजूनं लिहिते ते कळेल. माझं डीटीपीचं दुकान आहे, जास्त करून लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या. मराठी मॅटर मी स्वतः कंपोझ करते, प्रूफ स्वतः बघते आणि माझ्या हातनं वेलांटी सुटत नाही हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. "आशीर्वाद" कसा लिहायचा यावरनं गिऱ्हाइकाशी भांडून त्याचा अॅडव्हान्स परत केलेली बाई आहे मी. आता मला कानडी कशाला पाहिजे? तर पत्रिका. नवरा वडगावचा, नवरी सौंदत्तीकडची, असली लग्नं आता सर्रास होतात, मग पत्रिका एका बाजूला मराठी एका बाजूला कानडी. कानडी मॅटर मी दुसरीकडनं करून आणते, ते लोक नुडी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, माझ्याकडं श्रीलिपी, मधे फाईल बदलताना अक्षराच्या खाली जे बारकं जोडाक्षर लटकतं ना, ते गळून पडतं. चन्नम्मा लिहिलं तर त्यात असली दोन लटकणारी. दोन्ही गेली तर चनमा होतं. आणि मी हे प्रूफ नुसतं आकार बघून, तारीख आणि मोबाईल नंबर तपासून पास करत होते, कारण विचारणार कुणाला आणि कसं, दुकानात आपणच हुशार ना.

फी 1800 रुपये, तीन महिन्यांची, आठवड्यातनं तीन संध्याकाळ. पैसे एकदम मागत नाहीत. वेळ साडेसहाची सांगतात पण सात वाजल्याशिवाय सुरू होत नाही, हे मायनसमध्ये धरा. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावा. गाडी लावायला जागा नाही. विधानसभेचं अधिवेशन असतं त्या डिसेंबरच्या दिवसांत तर ट्रॅफिकमुळं अर्धी बॅच उशिरा येते, त्यात सरांचा काय दोष नाही.

सर बैलहोंगलकडचे, हायस्कूलमधनं रिटायर झालेले, सत्तरीचे असतील. पहिल्या दिवशी आम्ही सगळे वह्या उघडून बसलेलो, वाटलं आता अ आ इ ई येणार. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. दोन वाक्यं म्हणून घेतली फक्त. एक, "नंग गोत्तिल्री", म्हणजे मला माहीत नाही हो. दुसरं, "सावकाश हेळ्री", सावकाश सांगा. ही दोन वाक्यं त्यांनी प्रत्येकाकडनं इतक्यांदा म्हणून घेतली की शेवटी लोक हसायला लागले. एकजण म्हणाला सर पुढं काय, तर म्हणाले पुढं काही नाही, आज बाजारात जाऊन हीच दोन म्हणा आणि उद्या येऊन सांगा समोरच्यानं काय केलं. आता तुम्हाला वाटेल यात काय शिकवणं. पण बघा, शाळेत आपल्याला कुठल्या भाषेचा पहिला धडा "मला येत नाही" असा होता? आपल्याकडं येत नाही म्हणायचं ते मान खाली घालून, नाहीतर मग "येत नाही, काय करणार?" असं अंगावर जाऊन. साध्या आवाजात, दुसऱ्याकडं बघून, वर आदराचं "री" लावून म्हणायची सवय कुणालाच नाही. आणि समोरचा काय करतो? दहातले नऊजण लगेच हळू बोलायला लागतात, हातानं दाखवतात, निम्मे तर स्वतःच मराठीत येतात. भाजी मंडईत हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

दुसरा नियम असा की पहिला अर्धा तास कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही. चुकलेलं वाक्य असलं तरी ते शेवटपर्यंत जाऊ द्यायचं. माझ्यासारखीला हा अर्धा तास म्हणजे शिक्षा. दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनकडं जातो, पंचवीस वर्षांची सवय. आणि शेवटच्या दहा मिनिटांत तर सर स्वतः मराठी बोलतात, आमच्यासमोर, मुद्दाम. "ती टेबल", "माझी घर", "तो बाई आली होता" असलं. कारण त्यांच्या कानडीत माणूस सोडला तर बाकी सगळं नपुंसकलिंगी, खुर्ची असो, टेबल असो, म्हैस असो, वेगळं लिंग लक्षात ठेवायची भानगडच नाही. आपल्याकडं मात्र खुर्ची बाई आणि पलंग बुवा. का? विचारलं त्यांनी आम्हाला, खरंच विचारलं, खुर्ची ती का. कुणालाच सांगता येईना. मला पण नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शब्दांचं लिंग दुरुस्त करत आलेली मी, पण का तसं ते सांगता येत नव्हतं, फक्त तसं आहे हे ठासून सांगता येत होतं.

हा माणूस रोज दहा मिनिटं स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर चुकीचं बोलतो आणि त्याचा मान तसूभर कमी होत नाही, हे बघायचेच पैसे वसूल आहेत असं माझं मत झालंय.

बॅचमध्ये कोण कोण आहे ते पण सांगते. एक खानापूरकडची नर्स, मोठ्या हॉस्पिटलात आहे, तिच्या वॉर्डात रामदुर्ग, सौंदत्तीकडनं पेशंट येतात. तिनं आधी पुस्तकातनं पाठ केलेलं, दुखणं म्हणजे "नोवु". पेशंटला विचारलं की म्हातारी नुसती बघत बसायची. सरांनी सांगितलं की ते पुस्तक बंगळूर म्हैसूरकडच्या भाषेचं, आपल्याकडं "ब्यानी" म्हणतात, "होट्टी ब्यानी ऐतेन्री" असं विचार, पोट दुखतंय का. दुसऱ्या दिवशी ती आली ती हसतच. बॅचमध्ये सगळ्यात लवकर तीच बोलायला लागली, आणि तिचं व्याकरण सगळ्यात वाईट. तिला कशाचं काही पडलेलंच नाही, पेशंटला कुठं दुखतंय ते कळलं की झालं. आम्ही शिकलेले, वाक्य डोक्यात आधी बांधून, तपासून, मग बोलणारे, आमचं वाक्य तयार होईपर्यंत बस निघून जायची.

यावरनं माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. सरांची स्वतःची बैलहोंगलची कानडी बंगळूरवाल्यांना गावठी वाटते, हे त्यांनीच सांगितलं. नोकरीत ट्रेनिंगला गेले की तिकडचे लोक त्यांच्या "ऐति"ला, म्हणजे "आहे"ला, हसायचे. आणि आमचं काय? पुण्याला मावशीकडं गेलं की "काय करुलालास" म्हटल्या म्हटल्या सगळं घर हसायचं, "तुमच्या मराठीला कानडी हेल आहे गं". म्हणजे बेळगावात आम्ही मराठी म्हणून ताठ, आणि पुण्यात गेलो की त्याच मराठीची लाज, तोंड मिटून बसायचं. आयुष्यभर ही कसरत. इकडं कानडीपुढं आपलं शुद्ध, तिकडं पुण्यापुढं आपलंच अशुद्ध. सर हे सगळं ऐकून एवढंच म्हणाले की तुम्हाला बंगळूरवाला हसला तर राग येत नाही, आणि मला पुणेकर हसला तर येत नाही, मग आपल्या आपल्यालाच का येतो. मी अजून यावर विचार करतेय.

अनगोळचे एक कॉलेजचे प्राध्यापक पण येतात बॅचला, त्यांनी कुपवाडचं सांगितलं ते मला फार आवडलं. सांगली मिरजेजवळचं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन नावाच्या दोन भाषाशास्त्रज्ञांनी तिथं अभ्यास करून 1971 मध्ये लेख छापला. गावात मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान् पिढ्या शेजारी. घरात ज्याची त्याची भाषा, कुणी सोडली नाही. पण रोज एकमेकांशी बोलून बोलून तिन्हीचा वाक्याचा सांगाडा इतका एक झालाय की एकीतलं वाक्य घ्यायचं आणि शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं की दुसरीतलं वाक्य तयार. जगभर भाषाशास्त्रात शिकवतात म्हणे हे गाव. आमच्यातल्या एका पोराला लगेच आनंद झाला, म्हणजे निम्मं कानडी मला आधीच येतंय की! तसं निम्मं वगैरे काही नाही, पण क्रियापद शेवटी, "असं म्हणून" मागनं जोडायचं, वाक्याच्या शेपटीला आदर लावायचा, हे सगळं ओळखीचंच आहे. भीती जी बसलीय ती भाषेची नाहीच.

आता येळ्ळूरचे काका. पासष्ट ओलांडलेले, दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, पुढं असणारे, 1956 पासनं घरात तोच सीमाप्रश्नाचा विषय. ते या क्लासला येतात हे कळल्यावर त्यांच्या गल्लीत चार दिवस चर्चा चाललेली म्हणे. कारण नातू. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकात सगळ्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं, नातवाचा कानडीचा अभ्यास घ्यायला घरात कुणी नाही, ट्यूशनवाली नीट शिकवत नाही. कुणीतरी त्यांना टोमणा मारला की काका पक्ष बदलला काय. काका वहीतनं मान वर न करता म्हणाले, "खटला 2004 पासनं सुप्रीम कोर्टात आहे, तो चालूदे की. माझी जीभ काय कोर्टात जप्त नाही." आख्खी बॅच गप्प. त्या 1 नोव्हेंबरला क्लासला सुट्टी होती, काका काळ्या दिनाला गेले, सर त्याच दिवशीच्या कर्नाटक राज्योत्सवाला गेले, आणि पुढच्या क्लासला दोघं शेजारी शेजारी बसून नातवाच्या वहीतली बाराखडी बघत होते, तिकडं तिला कागुणित म्हणतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे नाहीतर कुणीतरी खाली कमेंटमध्ये येऊन मला देशप्रेम शिकवणार. ऑफिसात मराठी कागद मागणं, मराठी शाळा टिकवणं हा काही अहंकार नाही, तो हक्क आहे, आणि हक्क मागणाऱ्या माणसाला "अहो अहंकार सोडा" असं सांगणं म्हणजे शहाणपणा नाही, चोंबडेपणा आहे. मी माझ्या दुकानात मराठी बोर्ड उतरवलेला नाही आणि कडोलीच्या मराठी साहित्य संमेलनाला दरवर्षी जाते. मी बोलतेय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच आपण कडक होऊन बसतो ना, चुकलो तर हसतील, बोललो तर हरलो, नाही बोललो तर अडलो, हे जे चोवीस तास अंगावर बाळगून हिंडायचं, ते उतरवून ठेवता येतं एवढंच. त्यात मराठी कुठं कमी होत नाही. उलट माझं मराठी सुटं झालंय असं माझा नवराच म्हणतो. परवा एक गिऱ्हाईक "शुभविवाह" मधे जागा सोडून पाहिजे म्हणून हटून बसलं, पूर्वी मी अर्धा तास घातला असता. या वेळी म्हटलं तुम्हाला तसं का पाहिजे ते सांगा तरी. त्यांच्या आजोबांच्या पत्रिकेत तसं होतं, ती पत्रिका खिशात घेऊन आलेले, पिवळी पडलेली. तसंच छापून दिलं. मी कोण अडवणारी.

सरांचं आणखी एक. कुणी "आमची जीभ वळत नाही सर" म्हणालं की ते द. रा. बेंद्र्यांचं नाव घेतात. घरची भाषा मराठी, आणि 1973 चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. मराठीतही लिहिलं त्यांनी. हे ऐकून जीभ वळते असं नाही, पण कारण सांगायची सोय राहत नाही.

आता तक्रारी. नोट्स म्हणून देतात ते झेरॉक्सचं झेरॉक्स असतं. कानडीत ए आणि ओ दोन दोन, एक आखूड एक लांब, आपल्याकडं हा फरकच नाही, म्हणून आपला कान तिथं बहिरा. कोडु आखूड म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. बेळे आखूड म्हणजे पीक, लांब म्हणजे डाळ. हे सगळं ज्या बारक्या खुणेवर अवलंबून ती खूणच झेरॉक्समध्ये उडालेली. मी सरांना म्हटलं मी नीट टाईप करून देते, तर म्हणाले चुकीचं वाचा, दुकानदार शिंग देणार नाही. म्हणायला ठीक आहे हो, पण छापील गोष्ट छापील असते. हे मी सोडणार नाही.

लिपी फार उशिरा सुरू करतात. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. तोपर्यंत बसचे बोर्ड, हेस्कॉमचं लाईटबिल, सगळं तसंच कोरं. शक्ती योजनेमुळं 2023 पासनं बायकांना बस फुकट झाली, आमच्या बॅचमधल्या तीन चौघी गोकाक, हुक्केरीपर्यंत हिंडायला लागल्यात, त्यांना बोलण्याच्या आधी बोर्ड वाचायला पाहिजे होता. त्यांनी मागितलं तरी सर म्हणाले विचारा की शेजारणीला. अहो, दरवेळी शेजारीण असते काय.

आणि ते दुरुस्त करायचं नाही प्रकरण. पहिला महिना उत्तम, मी शंभर टक्के बाजूनं. पण नंतर थोडं घट्ट करायला पाहिजे. एका जणाचं "माझं" आणि "मला" अजून उलटंच आहे, आणि आता तो ते इतक्या आत्मविश्वासानं म्हणतो की सुटणं अवघड. चूक करायला घाबरू नये हे खरं, पण त्याच चुकीशी लग्न लावून कशाला घ्यायचं. सरांना हे सांगितलं, त्यांनी मान हलवली, बदल काही केला नाही. मनानं मोठा माणूस आहे पण स्वतःच्या पद्धतीबद्दल मात्र कडक, तिथं त्यांचं गोत्तिल्री कुठं जातं काय माहीत.

माझ्या कामाचं म्हणाल तर, आता पत्रिकेचं कानडी प्रूफ आलं की नावं तरी बोट ठेवून वाचता येतात, खालचं जोडाक्षर गळलंय का ते कळतं. मजकुरातलं निम्मं अजून कळत नाही, त्यासाठी नवरीकडच्यांना दुकानात बसवून, चहा सांगून, मोठ्यानं वाचून घेते. आधी हेच करायला लाज वाटायची, डीटीपीवाली बाई आणि वाचायला दुसऱ्याला सांगते म्हणून. आता त्यांनाच मजा येते, वाचता वाचता घरातल्या चार गोष्टी पण सांगतात, पत्रिकेत कुठल्या काकांचं नाव विसरलं ते तिथंच लक्षात येतं, परत छापायचा खर्च वाचतो.

रेटिंग द्यायचं तर शिकवण्याला चार, नोट्सना एक, वेळेला दोन, माणसाला पाच. चहा चांगला असतो, खालचा सायकलवाला पाठवतो, पैसे त्याचे वेगळे.

नवीन बॅच दिवाळीनंतर असते बहुतेक, फोनवर नाव लिहून घेत नाहीत, जाऊनच यावं लागतं. जागा भरली असं कधी म्हणत नाहीत, सतरंजीवर बसवतात. पावसाळ्यात गेलात तर खिडकीकडची बाजू धरू नका, तिथं छत गळतं.